'चेक्ड बाय'चा रकाना

माझी नोकरी सह्या करण्याची आहे. गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची एक कंपनी आहे, तिथे पॅकिंगला मी क्यूएमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीत. कार्टनवर बॅच नंबर बरोबर पडलाय का, एक्सपायरी नीट वाचता येते का, ब्लिस्टरमधला एखादा खिसा रिकामा तर नाही ना, हे दर अर्ध्या तासाने बघायचं आणि कागदावर सही करायची. कागदावर दोन रकाने असतात. 'डन बाय' हा ऑपरेटरचा, 'चेक्ड बाय' हा माझा. काम त्याने केलं, आणि ते बरोबर झालंय असं म्हणणारी मी. अकरा वर्षं हेच करतेय. शिफ्टला शंभरेक सह्या सहज होतात.

ह्या वर्षी, म्हणजे २०२३च्या मार्चमध्ये एका बॅचच्या कार्टनवर एक्सपायरीचा महिना चुकीचा छापला गेला आणि त्यावर माझी सही होती. पुढच्या फेरीत मलाच ते दिसलं. लाइन थांबवली, तेवढा माल बाजूला काढला, डेव्हिएशन, म्हणजे झालेल्या चुकीचा अहवाल, लिहिलं, चौकशी झाली, विषय मिटला. एकही खोका गेटबाहेर गेला नव्हता. कुणी मला वेडंवाकडं बोललंही नाही. उलट सुपरवायझर म्हणाले, पकडलंस ते बरं झालं.

लाइन दीड तासात पुन्हा सुरू झाली, पण माझ्या डोक्यातली काही थांबेना.

आधी गॅस. आमचं घर साखळीला. कंपनीची बस उसगाव तिस्क ओलांडेपर्यंत मी सासूबाईंना दोनदा फोन करायचे, "मांय, गॅस बंद आसा मगो?" मग दाराची कडी, मग मुलाच्या डब्याचं झाकण, मग दिवसभरात मी जे जे तपासलं ते सगळं रात्री पुन्हा. झोप लागायची ती पहाटे पोदेराचा, पाववाल्याचा, भोंपू वाजायच्या जरा आधी. आणि जूनच्या शेवटी, बाहेर पाऊस कोसळत असताना, खांडेपारच्या पुलावर बसमध्ये माझा श्वासच अडकला. हात बधिर, छातीत घोडे. मी ड्रायव्हरला ओरडून बस थांबवली आणि भर पावसात खाली उतरले. बरोबरच्या बायका खिडकीतून बघत होत्या. त्या चेहऱ्यांचीच मला पुढे जास्त भीती वाटायला लागली.

फोंड्याला एका डॉक्टरांनी ईसीजी काढला. हृदय ठणठणीत. "टेन्शन घेऊ नका," म्हणाले, आणि त्या वाक्याचे तीनशे रुपये घेतले.

६ जुलैला मी बांबोळीला गेले. गोव्यातल्या लोकांना माहीत असेल, बांबोळीची एक सोय आहे. तिथे गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, आहे आणि शेजारीच मानसोपचाराची संस्था, आयपीएचबी, आहे. "बांबोळीला चाललेय" म्हटलं की दोन्हीपैकी कुठल्या दारात जाणार हे ऐकणाऱ्याला कळत नाही. मी बसमध्ये भेटलेल्या वाड्यावरच्या एका बाईंना "बांबोळी" एवढंच सांगितलं. त्यांनी "रक्त तपासूंक?" विचारलं आणि मी मान हलवली.

हे मानसोपचाराचं इस्पितळ पूर्वी पणजीला आल्तिनोवर होतं आणि त्याला आबे फारियांचं नाव होतं. फारिया कांदोळीचे, संमोहनावर लिहिणारे धर्मगुरू, जन्म १७५६चा. जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आहे, हात पसरलेला धर्मगुरू आणि पुढ्यात कोसळणारी बाई. लहानपणी त्या पुतळ्याची मला फार धास्ती वाटायची. त्यांची एक गोष्ट आम्हाला मराठी शाळेत मास्तरांनी सांगितली होती. तरुण फारिया लिस्बनला पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभे राहिले आणि त्यांची बोबडीच वळली. तेव्हा वडिलांनी खालून कोंकणीत हळूच म्हटलं, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." समोर बसलेत ती माणसं नव्हेत, भाजीपाला समज आणि काप. फारिया सुटले आणि घडाघडा बोलले. दंतकथा असेलही. पण पुढे संमोहनावर लिहून ठेवणारा माणूस स्वतः एकदा गर्दीपुढे गर्भगळीत झाला होता, हे मला त्या ओपीडीच्या बाकावर बसल्या बसल्या फार आधाराचं वाटलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास ऐकून घेतलं. चिंतेचा आजार आहे म्हणाल्या, आणि बसमध्ये झाला तो पॅनिक अटॅक. एस्सिटॅलोप्रामची अर्धी मात्रा सुरू केली, पुढे वाढवायची होती. "पहिले दोन आठवडे फरक वाटणार नाही, थोडी बेचैनी वाढेलसुद्धा, गोळी बंद करू नका." शिवाय काही आठवडे कामावरून विश्रांती. सही करण्याच्या कामावर तर नकोच.

गोळ्यांची पट्टी हातात पडल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल? उलटी करून बॅच नंबर आणि एक्सपायरी वाचली. छपाई स्वच्छ होती.

आता विश्रांतीचा प्रश्न. माझी रजा उरली होती सहा दिवस. नवरा पिकअप चालवतो, पावसात त्याला भाडी कमी. बिनपगारी बसणं परवडणारं नव्हतं. मला आठवण करून दिली ती आमच्या स्टोअरमधल्या निवृत्तीला आलेल्या काकांनी. "तुझे महिन्याला ईएसआयचे पैसे कापतात ते कशाला?" ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला १४७ रुपये कापलेले दिसतात. माझा पगार १९,५००, त्याच्या ०.७५ टक्के. कंपनी वरून ३.२५ टक्के भरते. पगार २१,००० पर्यंत असलेल्यांना ही योजना लागू. अकरा वर्षं मी ते १४७ आणि त्याआधीचे जे काही असतील ते, पावसाचं पाणी गटारात जातं तसे जाताना बघत होते. ते कार्ड मी कपाटातून काढलंही नव्हतं.

नियम मी रात्री दोन वाजता मोबाइलवर वाचले. चिंतेच्या आजाराच्या माणसाने नियम रात्री दोनला वाचू नयेत, पण दुसऱ्या कुठल्या वेळी आम्ही जागे असतो?

तर आजारपणाचा भत्ता मिळतो सरासरी मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी आधीच्या ठरावीक सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. जुलै ते डिसेंबरमधल्या आजारपणाला त्याच्या आधीचे ऑक्टोबर ते मार्च हे महिने मोजतात. पहिले दोन दिवस भत्ता नाही, ते आपले. दाखला ईएसआयच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांचा हवा. उपचार चालू ठेवायचे. बरं होण्याला बाधा येईल असं काही करायचं नाही. त्यांनी तपासायला बोलावलं तर जायचं. आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय तो भाग सोडून बाहेर जायचं नाही.

माझे ऑक्टोबर ते मार्चमधले दिवस भरत होते १७६. हवे होते ७८. मी ते तीन वेळा मोजले, पगाराच्या चिठ्ठ्या पलंगावर पसरून. तिसऱ्यांदा नवऱ्याने दिवा बंद केला.

(आमच्या लाइनवरच्या एका कंत्राटी मुलीचे ७१ भरले होते. तिला मधेमधे 'ब्रेक' मिळतो. सात दिवसांनी तिचा भत्ता गेला, कावीळ झाली होती तेव्हा. हा वेगळा लेख होईल, आणि तो मी रागात लिहीन म्हणून आज नको.)

आणखी एक यादी आहे, दीर्घ आजारांची, ३४ आजार. त्यात असाल तर भत्ता ८० टक्के आणि दोन वर्षांपर्यंतसुद्धा. मी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मानसिक आजारांत सायकोसिस आहे, माझा नाही. कबूल करायला लाज वाटते, पण क्षणभर मी हिरमुसले. माणूस कुठल्या कुठल्या यादीत नसल्याचं वाईट वाटून घेईल ह्याला धरबंद नाही.

१० जुलै, सोमवार. ईएसआयच्या दवाखान्यात पहिला दिवस. कुठला ते सांगत नाही, तिथली माणसं साधी आणि बरी आहेत आणि त्यांना कुणी ओळखू नये. हातात प्लास्टिकची फाइल. त्यात कार्ड, आधार, बांबोळीचे कागद, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, आणि एका चिठ्ठीवर लिहिलेली चार वाक्यं. ती चिठ्ठी माझी मीच केलेली युक्ती. तोंड कोरडं पडलं तर वाचून दाखवता यावं म्हणून.

डॉक्टरांनी विचारलं, "कितें जाता?" काय होतंय?

आता गंमत बघा. आमच्या घरात बोलणं कोंकणी, वाचणं-लिहिणं मराठी, आणि आजाराचं नाव मिळालेलं इंग्रजी. चिठ्ठी मी मराठीत लिहिली होती, "सतत भीती वाटते." तोंडातून आलं, "म्हाका भंय दिसता." मराठीत भीती वाटते, कोंकणीत ती दिसते. पण दिसते ती फक्त मला. समोरच्याला दिसत होती एक धडधाकट बाई, केस नीट विंचरलेले, ताप नाही, प्लास्टर नाही, फाइलमध्ये कागद क्रमाने लावलेले. इतके कागद नीट लावणारी बाई आजारी कशी, असं त्यांना वाटलं तर? हा विचार माझा. त्यांनी बांबोळीचा कागद वाचला, ब्लडप्रेशर घेतलं, नाडी मोजली, ती ११८ निघाली. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मला माझी धडधड उपयोगी पडली.

"दाखल्यावर आजाराचं काय लिहिणार?" मी विचारलं. कारण दाखल्याची एक प्रत कंपनीत जाणार आणि तिथे एचआरच्या टेबलावर कोण कोण चहा पिऊन जातं ते मला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, जे आहे ते लिहावं लागतं. मग थोडं थांबून म्हणाले, लाजण्यासारखं काय आहे त्यात. २०१७च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे हे मी नंतर वाचलं. तो हक्क चहाच्या कपापर्यंत पोचतो का, ते प्रत्येकीने आपापल्या एचआरला बघून ठरवायचं. मी कागद बंद पाकिटात घालून, वर चिकटपट्टी लावून, तिथल्या मॅडमच्या हातातच दिला. त्यांनी माझ्यासमोर तो ड्रॉवरमध्ये टाकला, काही विचारलं नाही. मी बाहेर येऊन जिन्यात रडले. का ते विचारू नका, कारण सगळं नीट झालं होतं.

पहिला दाखला एका आठवड्याचा. १६ तारखेपर्यंत. म्हणजे १७ला पुन्हा जायचं.

हीच खरी गोम आहे. ज्या आजारात माणसाला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, अनोळखी माणसांपुढे उभं राहता येत नाही, त्या आजाराचा भत्ता मिळवायला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी जाऊन उभं राहावं लागतं. दर आठवड्याला. पाय मोडलेल्या माणसाला कुणी धावून दाखव म्हणत नाही. नियम वाईट हेतूने केलेत असं मला वाटत नाही. खोटे दाखले घेऊन घरची लावणी उरकणारे मीच बघितलेत. पण नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तापाने फणफणलेला गिरणी कामगार असणार, १९४८चा कायदा तो. खांडेपारच्या पुलावर बसमधून उतरणारी बाई त्यांना कशी दिसावी?

१७ जुलैला अमावास्या होती, दीप अमावास्या. सासूबाईंनी सकाळी समया घासून मांडल्या होत्या. मी साडी नेसून तयार, फाइल तयार. त्या म्हणाल्या, "आयज अवस, दोतोराकडे फाल्यां वच." डॉक्टरकडे उद्या जा. मी म्हटलं, तसं नाही चालत मांय, तारीख आहे. आणि निघाले. नवऱ्याने पिकअपने सोडलं. पायऱ्यांपर्यंत गेले. दारावर पाटी, पाटीवर ईएसआयचं ते पाच दिव्यांचं चिन्ह. आत गर्दी होती, वीसेक माणसं, ओल्या छत्र्यांचा वास. एक माणूस वळून माझ्याकडे बघायला लागला. त्याला दाराकडे बघायचं असेल, मी दारात होते एवढंच.

मी मागे फिरले. नवरा अजून गाडी वळवत होता. त्याने दार उघडलं आणि काही बोलला नाही, रस्त्यात भजी घेतली. घरी आल्यावर सासूबाई खूश, सुनेने अवस पाळली.

दुसऱ्या दिवशी गेले. डॉक्टरांनी दाखला १८ तारखेपासूनचा दिला. "काल का आला नाहीत?" ह्या प्रश्नाला मी "अमावास्या होती" असं उत्तर दिलं. बाई घाबरली म्हणून आली नाही, ह्यापेक्षा बाई अंधश्रद्ध आहे हे मला जास्त इज्जतीचं वाटलं. नर्सबाई मात्र हुशार. बाहेर येऊन हळूच म्हणाल्या, "मधला एक दिवस तुटला तुमचा. पंधरा दिवसांच्या आतच पुन्हा सुरू झालं म्हणून पहिले दोन दिवस परत कापत नाहीत, तेवढं बरं. पण तो दिवस गेला." मग त्यांनीच उपाय सांगितला. सकाळी दार उघडायच्या वेळी या, किंवा जेवणाच्या सुट्टीच्या आधी वीस मिनिटं. गर्दी नसते. माझ्या डोक्यात हे का आलं नाही कोण जाणे. दवाखान्यात गर्दी नसलेली वेळ असते हेच मला सुचलं नव्हतं.

त्यानंतर एकही तारीख चुकली नाही. आबे फारियांना स्मरून आत शिरायचे, सगळी भाजी, कातर रे भाजी. खिडकीवरचे गृहस्थ उंच, फिकट, मान जरा वाकलेली, म्हणजे दुधी. त्यांच्या मागे फाइली लावणारी मुलगी म्हणजे भेंडी. तिसऱ्या आठवड्यात त्या दुधीने माझा दाव्याचा अर्ज खिडकीतून परत सरकवला. मला दरदरून घाम. ते म्हणाले, "बाय, हांगा सय रावल्या."

सही राहिली होती. माझी. जी बाई दिवसाला शंभर सह्या करते, दुसऱ्याच्या राहिलेल्या सह्या पकडून ज्यांचे पगार चालतात त्यांतली एक, तिची सही राहिली होती. मी घरी तो अर्ज निदान दहा वेळा तपासला होता. नाव तपासलं, विमा क्रमांक अंकागणिक तपासला, बँकेचा आयएफएससी तपासला. सही तपासायची असते हे लक्षातच आलं नाही, कारण सही तपासणारी मी, करणारी नव्हे. त्यांनी पेन दिला. माझा हात थरथरत होता, ते त्यांनी बघितलं आणि मुद्दाम मान फिरवून भेंडीशी काहीतरी बोलायला लागले. माझी सही होईपर्यंत बोलत राहिले. त्यानंतर मला त्यांना दुधी म्हणवेना.

मधल्या दिवसांचं सांगायचं तर सगळ्यात अवघड होतं आजारी दिसणं. बांबोळीच्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. मी वाळवंटीच्या काठाने विठ्ठलापूरच्या देवळापर्यंत जाऊन यायचे. पण चालताना भेटणार कोण? कंपनीतलीच कुणाची तरी भावजय. "गो, तू सिक लिव्हार न्ही?" मासळी आणायला बाजारात गेले तर वाटायचं, बांगडे हातात घेतलेला फोटो कुणीतरी एचआरला पाठवेल. डॉक्टर म्हणतात घराबाहेर पड, नियम म्हणतो बरं होण्याला बाधा येईल असं करू नको, आणि वाडा म्हणतो घराबाहेर पडते म्हणजे बरीच आहे. शेवटी मी चालण्याचा सल्ला कागदावर लिहून घेतला. हो, खरंच. बांबोळीच्या केसपेपरवर 'रोज ४० मिनिटे चालणे' असं लिहून घेतलं आणि त्याची झेरॉक्स पर्समध्ये ठेवून चालायला जायचे. कुणीही कधीही ती मागितली नाही.

त्यात ह्या वर्षी अधिक श्रावण. माझं माहेर दोडामार्गाला, आई मूळची चंदगडची, तिच्याकडे अधिकात जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण. तिने फोन केला, "शनिवारी दोघं या, मी तांदूळ भिजत घातलेत." आणि मला तो नियम आठवला, परवानगीशिवाय भाग सोडायचा नाही. दोडामार्ग आमच्याकडून तासाभराच्या आत. पण मधे हद्द. गोवा संपतो, महाराष्ट्र सुरू होतो. लोक तिकडे भाजी आणायला जातात. मी मात्र दोन रात्री ह्या हद्दीवर उभी होते. त्यातल्या एका रात्री १४४१६ ला फोन केला. सरकारची टेली-मानस म्हणून फुकट सेवा आहे, २०२२च्या ऑक्टोबरात सुरू झाली, रात्री-अपरात्री कुणीतरी बोलतं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "डॉक्टरांना विचारलं का?" नव्हतं विचारलं.

मग विचारलं. ४ ऑगस्टला, शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीच्या आधी वीस मिनिटं. "डॉक्टर, दोन दिवस माहेरी जाऊ का? दोडामार्गाला. अनारसे आहेत." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. कागदावर लिहून दिलं, दोन दिवस, उपचार चालू ठेवून. वर म्हणाले, "उरले तर सोमवारी आणा."

उरले नाहीत. नवऱ्याने एकट्याने एकोणीस खाल्ले. मी मात्र आईच्या घरी पत्र्यावर पाऊस वाजत असताना शनिवारी रात्री साडेनऊला झोपले ती सकाळी सातला उठले. सलग. महिनाभरात गोळीने हळूहळू पाय रोवले असतील, की तिथे गॅसची जबाबदारी आईची होती म्हणून, कोण जाणे.

२७ ऑगस्टपर्यंत दाखले चालले. शेवटचा, कामावर रुजू व्हायला हरकत नाही असा, हातात पडला तेव्हा आनंदापेक्षा पोटात गोळाच मोठा आला. स्टोअरच्या काकांनी सांगितलं होतं की भत्ता चालू असताना आजारपणापायी कुणाला काढता येत नाही. म्हणजे आता भत्ता संपल्यावर काढता येतं, असा मी त्याचा अर्थ लावला होता. काढलं नाही. सुपरवायझरनी पहिले पंधरा दिवस मला लाइनऐवजी कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं, तेही मी न मागता. बसमध्ये मी पुढच्या सीटवर, दाराजवळ बसते. खांडेपारचा पूल आला की खिडकीबाहेर न बघता बॅगेतल्या गोष्टी मोजते. आठ.

पैसे सप्टेंबरमध्ये आले. लाइनवर मोबाइल नेता येत नाही, म्हणून मेसेज दिसला तो शिफ्ट सुटल्यावर लॉकरमध्ये. माझी सरासरी मजुरी दिवसाला ६५० धरली होती, तिचे ७० टक्के म्हणजे ४५५. सात आठवड्यांचे ४९ दिवस, त्यातले पहिले दोन वजा. ४७ दिवसांचे होतात २१,३८५. मेसेजमध्ये होते २०,९३०.

बसमध्ये चार वेळा हिशेब केला. ४५५ कमी. त्यांची चूक नाही. तो १७ जुलै. समया घासलेली अवस, ओल्या छत्र्या, आणि वळून बघणारा तो माणूस.

नर्सबाई म्हणतात, उशिराचं कारण देऊन अर्ज करा, विचार करतात कधीकधी. अर्ज मी लिहिलाय. कारणाच्या जागी आधी 'अमावास्या' लिहिलं होतं, ते खोडून नवा कागद घेतला आणि खरं ते लिहिलं, दोन ओळींत. आता दिवाळीला पंधरा दिवस आहेत. अर्ज फाइलमध्ये आहे, दोन झेरॉक्ससह. काल रात्री काढून बघितला. खाली सही आहे.